सिलिगुडीचं हॉटेल

गेल्या आठवड्यात जुन्या कंपनीतल्या एका पोराचा फोन आला. आवाजात अर्धी लाज, अर्धी घाई. "साहेब, घरचे सिलिगुडीला येतायत. चार दिवस. हॉटेल कुठलं बघू?"

त्याला फोनवर पाच मिनिटांत जे सांगता आलं ते सांगितलं. पण हा प्रश्न दर वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी नवीन विचारतोच, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकावं. हॉटेलचं नाव मात्र देणार नाही. मालक बदलतात, मॅनेजर बदलतात, काल चांगलं असलेलं हॉटेल आज नसतं. बघायचं काय, ते सांगतो.

सिव्हिलमधल्या वाचकांसाठी थोडं आधीचं. फिल्डमध्ये बायकापोरांना नेता येत नाही. पीस स्टेशनला क्वार्टर मिळतं, पण त्यालाही नंबर लागतो. मग चार-पाच दिवसांची कॅज्युअल मिळाली आणि गाव दोन रात्रींच्या प्रवासावर असलं, तर जवान गावी जात नाही, गावाला अर्ध्या वाटेवर बोलावतो. उत्तरेकडे हे अर्ध्या वाटेचं ठिकाण म्हणजे जम्मू किंवा पठाणकोट. पूर्वेकडे सिलिगुडी. नकाशात बंगालची मान जिथे सर्वात बारीक होते, वीस-बावीस किलोमीटरची, एका अंगाला नेपाळ आणि दुसऱ्या अंगाला बांगलादेश, त्या मानेवर हे शहर बसलंय. सिक्कीमला जाणारा, आसामला जाणारा, अरुणाचलला जाणारा, सगळा फौजी याच भोकातून पुढे सरकतो. ट्रान्झिट कॅम्पात आपल्याला खाट मिळते, लंगर मिळतो. पण बायको, तान्हं मूल आणि सासूबाईंना घेऊन तिथे कुठे जाणार? तेव्हा हॉटेल.

आपला जवान हॉटेल कसं बघतो, ते मी इतक्या वर्षांत पुष्कळ पाहिलंय. दिल्लीत पहाडगंजला स्टेशनासमोरच्या गल्लीत शिरायचं, जो पहिला पोरगा "रूम चाहिये, फौजी भाई?" म्हणून बॅग धरेल त्याच्या मागे जायचं, भाव शंभराने पाडायचा आणि झोपायचं. एकट्यासाठी ते ठीक आहे. बर्फात तंबूत झोपलेल्या माणसाला गादी मिळाली की बास. पण हॉटेलात जास्त वेळ कोण राहणार? आपण कधी येऊ, किती वाजता येऊ, रस्ता चालू असेल का, हे आपल्या हातात नसतं. हॉटेलात खरं राहते ती वाट बघणारी माणसं. हॉटेल त्यांच्या सोयीनं निवडायचं.

हे मला कुणी शिकवलं, तर आमच्या सौ.नं.

२०१६ चा ऑगस्ट. मी तेव्हा हवालदार, आमची पलटण उत्तर सिक्कीममध्ये. ठाण्याचं नाव लिहीत नाही. लग्नानंतर सहा वर्षांनी आम्हाला लेक झाली होती, जानेवारीत. सात महिन्यांची झाली तरी मी तिला पाहिलेली नव्हती. पक्की रजा नोव्हेंबरात लागली होती. मध्ये चार दिवसांची कॅज्युअल मंजूर झाली आणि सौ. म्हणाली, "तुम्ही नका येऊ. आम्हीच येतो." सोबत आमची आई निघाली. माळकरी बाई, पंढरपूरच्या पलीकडे कधी गेलेली नाही. सातारा ते कल्याण, कल्याणहून गुवाहाटीची गाडी आणि दोन रात्री.

मी मोबाईलवरून हॉटेल ठरवलं होतं. पैसे आगाऊ भरले होते, मेसेज आलेला होता, हॉटेलवाल्याशी बोललोही होतो. गाडी उशिरा धावत न्यू जलपाईगुडीला पोचली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. इथे सौ.नं पहिली शहाणपणाची गोष्ट केली. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं नाही. बायकांच्या वेटिंग रूममध्ये उजाडेपर्यंत बसली, लेकीला पाजलं, आईला आडवं केलं, आणि फटफटल्यावर प्रीपेड बूथवरून रिक्षा घेतली. स्टेशन ते शहर सहा-सात किलोमीटर आहे. अपरात्री ते अंतर बाईमाणसानं कापायची काही गरज नसते. तिकीट पक्कं असेल तर रेल्वेच्या रिटायरिंग रूमही पीएनआर टाकून आधी घेता येतात, त्या बारा-चोवीस तासांसाठी मिळतात. लहान मूल असेल तर ते आधीच करून ठेवावं.

सहाला हॉटेलवर पोचल्या. काउंटरवरचा म्हणाला, बुकिंग आलेलंच नाही. मेसेज दाखवला. म्हणाला, कंपनीचं आणि आमचं पटत नाही, त्यांच्याकडून पैसे मागा. वर, रूम फुल. आई पायरीवर बसून राहिली. लेक रडत होती. मी तेव्हा डोंगरात, माझा फोन लागत नव्हता.

सौ. काय करणार? भांडली नाही. रिक्षावाल्याला अजून सोडलेलं नव्हतं (ही दुसरी गोष्ट: खोलीची चावी हातात येईपर्यंत रिक्षा सोडायची नाही). त्याला म्हणाली, "भैया, सिक्कीम की गाडी जहाँ से छूटती है, उधर ले चलो." तिचा हिशोब सरळ होता. नवरा सिक्कीमहून येणार म्हणजे तिथेच उतरणार. रिक्षावाल्यानं हिल कार्ट रोडवर एसएनटी, म्हणजे सिक्कीम सरकारच्या बसस्टँडपाशी आणलं, आणि मागच्या गल्लीतलं एक तीन मजली जुनं हॉटेल दाखवलं.

काउंटरवर साठीचे एक बंगाली गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. सौ.नं त्यांना "दादा" म्हटलं. आपल्याकडचा दादा तो बंगालचा दादा, अर्थ एकच. त्यांनी तिला "बौदी" म्हटलं. तिला वाटलं काहीतरी बोदं म्हणाले. बौदी म्हणजे वहिनी, हे तिला दुपारी कळलं. आणि आमच्या आईला ते लगेच "मासीमा" म्हणू लागले. मावशी. आईला ते भाषांतराशिवाय कळलं.

सौ.नं पैसे काढण्याआधी खोली पाहिली. तिच्या बघण्याची पद्धत मी नंतर ऐकली आणि तेव्हापासून तीच वापरतो. गादी दाबून बघत नाही ती. आधी आतली कडी लावून बघते, नीट बसते का. मग खिडकी उघडते. उघडत नसेल तर खोली नको. मग नळ सोडून मिनिटभर पाणी वाहू देते. गरम पाणी किती वाजता, बादलीनं की नळानं, हे विचारते. लाईट गेली तर जनरेटरवर काय चालतं, फक्त दिवा की पंखाही. मच्छरदाणी बांधायला खिळे आहेत का. तराईतला डास आणि पावसाळा, तिथे तान्ह्या मुलाला मच्छरदाणीशिवाय झोपवणं नाही. आणि मजला. तिला तिसरा मजला देत होते, हवा चांगली म्हणून. तिनं पहिला मागितला. जिना चढणं आईला जमत नाही, हे एक कारण. पण मजल्याचं मी आणखी एका कारणानं सांगतो. १२ फेब्रुवारी २०१९ ला पहाटे दिल्लीत करोल बागेतल्या एका हॉटेलला आग लागली, १७ माणसं गेली. २९ एप्रिल २०२५ ला कोलकात्यात बडाबाजारच्या हॉटेलात आग लागली, १४ गेली. शहरातली जुनी हॉटेलं अरुंद असतात, जिना एकच असतो. खोलीत सामान टाकलं की आधी जिन्यापर्यंत चालत जाऊन यायचं, किती दारं मध्ये लागतात ती मोजायची, दुसरा जिना असेल तर त्याला कुलूप आहे का ते बघायचं. आपण रात्री पोस्टवर पोचलो की आधी बाहेर पडायची वाट बघतो की नाही? तसंच.

मग रजिस्टर. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण. इथे तिनं जे केलं ते प्रत्येकाच्या बायकोला सांगून ठेवावं असं आहे. तिसरा पाहुणा म्हणून तिनं माझं नाव पहिल्याच दिवशी लिहिलं, "नंतर येणार" म्हणून. आपण रात्री-बेरात्री पोचतो. रजिस्टरमध्ये नाव नसलं की काउंटरवरचा माणूस वर सोडत नाही, आणि ते त्याचं बरोबरच असतं. त्यातून बायकोच्या आधारवर माहेरचं आडनाव असलं तर आणखी घोळ. तेव्हा आधारवरचं नाव आधी तपासा. प्रत द्यायचीच तर आता मास्क केलेलं आधार निघतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, ते द्या. आपलं सर्व्हिसचं ओळखपत्र काउंटरवर झेरॉक्सला द्यायचं नाही, हे युनिटमध्ये दहादा सांगून झालेलं असतंच.

कारणाच्या रकान्यात सौ.नं मराठीत लिहिलं, "मुलीला वडील दाखवणे." दादांना देवनागरी अक्षरं लागली पण अर्थ लागला नाही. तिनं हिंदीत सांगितला. त्यांनी चष्मा पुसला आणि खाली आपल्या हातानं लिहिलं, "पर्सनल". पोलीस रजिस्टर बघतात, म्हणाले.

इकडे मी. त्याच दिवशी सकाळी निघालो, गंगटोक ओलांडलं आणि रंगपोला गाडी थांबली. पुढे २९ माईलला दरड. तीस्तेच्या कडेनं जाणारा हा दहा नंबरचा हायवे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. एका बाजूला सुटा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी, आणि पावसाळ्यात सेतीझोरा, बिरिक दारा, २९ माईल, यातलं काहीतरी रोज बसतं. दुपारी म्हणाले संध्याकाळी उघडेल. संध्याकाळी म्हणाले सकाळी. चार दिवसांतला एक असा रंगपोच्या रस्त्यावर गेला.

रात्री एका दुकानातून फोन लागला. मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तर तिकडून तीच म्हणाली, "रस्ता बंद आहे, कळलं. दादांनी सांगितलं. तुम्ही घाई करू नका." स्टँडवरचे ड्रायव्हर चहाला त्या हॉटेलच्या खालीच यायचे. कुठे दरड पडली, कुठली बाजू सुरू झाली, हे त्यांना बातम्यांच्या आधी कळतं. ती लांबच्या चकचकीत हॉटेलात असती तर रात्रभर फोन लावत बसली असती. म्हणून म्हणतो, माणूस ज्या रस्त्यानं येणार त्या रस्त्याच्या स्टँडजवळ हॉटेल घ्या. गोंगाट असेल, हॉर्न वाजतील. वाजू द्या.

दुसऱ्या दिवशीही हायवे उघडला नाही. गाड्या कालिंपोंगवरून लाव्हा-गोरुबथानकडे वळवल्या. ती वाट लांबची, घाटाची, आणि त्या दिवशी धुक्यात बुडालेली. सिलिगुडीत पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ.

त्या दोन दिवसांत आईचा वेगळाच संसार तिथे मांडला गेला होता. श्रावण चालू, गळ्यात माळ आणि हॉटेल बंगाल्याचं. खालच्या स्वयंपाकघरातून मोहरीचं तेल आणि मासळीचा वास. आई पहिल्या दिवशी दुपारी नुसत्या शेंगदाण्यांवर बसली होती. दादांनी विचारलं, "मासीमा, निरामिष?" हा शब्द आईला कीर्तनातून ठाऊक. मान हलवली. बंगालमध्ये नुसतं "व्हेज" म्हणण्यापेक्षा "निरामिष" म्हणा. व्हेज म्हटलं की हॉटेलवाल्याला भाजी एवढंच कळतं. निरामिष म्हटलं की कांदा-लसूणही बहुधा बाजूला राहतो, कारण त्यांच्या घरातल्या जुन्या विधवा बायका आणि उपासाचे दिवस त्याच शब्दावर चालत आले आहेत. वेगळ्या पातेल्यात मुगाच्या डाळीची खिचडी आली. पाऊस लागला की बंगाली माणूस खिचडीच करतो, हे आम्हाला तिथे कळलं. आईनं दोन घास लेकीला भरवले आणि आचाऱ्याला वर बोलावून पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू दिला.

सौ.नं आणखी एक केलं होतं. हॉटेलचं कार्ड मागून त्यामागे दादांकडून बंगालीत पत्ता लिहून घेतला आणि ते आईच्या कनवटीला खोचलं. आई बाजार बघायला एकटी बाहेर पडण्यातली आहे हे तिला माहीत होतं. आणि दुसऱ्या दिवशी आई विधान मार्केटात हरवलीच. तुळशीची माळ शोधत गेली होती. टोटोवाल्याला कार्ड दाखवलं, दहा मिनिटांत परत. आईच्या मते ती हरवली नव्हती, "फिराय गेल्ती."

तर रात्री नऊला मी काउंटरवर. कपडे चिखलानं भरलेले, दोन दिवसांची दाढी. दादांनी रजिस्टर उघडलं, नाव बघितलं, ओळखपत्र हातात न घेता नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "पहिला मजला. जिन्यात लाईट नाहीये, सावकाश." वर गेलो. लेक जागी होती. सौ.नं माझ्याकडे दिली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि असा काही टाहो फोडला की शेजारच्या खोलीतलं दार उघडलं. आईकडे दिली, तरी रडे. शेवटी दादा वर आले, हात पुढे केले, आणि ही कार्टी हुंदके देत त्यांच्या खांद्यावर जाऊन गप्प झाली. दोन दिवस काउंटरवर त्यांच्याच मांडीत बसून ती घंटी वाजवत होती.

मी काय बोलणार? आंघोळीला गेलो. बादलीत गरम पाणी आधीच भरून ठेवलेलं होतं.

त्यानंतर माझ्याकडे दीड दिवस उरला होता. रजेचे दिवस रस्ता खातो, पण परतीची वेळ हलत नाही. त्या दीड दिवसात आम्ही दार्जिलिंग नाही पाहिलं, काही नाही पाहिलं. नवीन जवानांना हे मुद्दाम सांगतो, कारण घरचे आले की फिरवायलाच पाहिजे असं त्यांना वाटतं. तान्हं मूल घेऊन घाटात तीन-साडेतीन तास जायचे, तेवढेच यायचे, त्यापेक्षा खोलीत बसा. आम्ही खोलीत बसलो. लेक पलंगाच्या त्या कोपऱ्यात, मी या कोपऱ्यात. मी तिच्याकडे बघायचं नाही, असं सौ.नं सांगितलं होतं. वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं करायचं. बंगाली वर्तमानपत्र होतं. दुपारी कधीतरी ती रांगत आली आणि तिनं माझ्या पायाचा अंगठा धरला. मी पान उलटलं नाही. बराच वेळ तेच पान.

पैशांचं थोडं, कारण त्याबद्दल हमखास विचारतात. फौजी सवलत बरीच हॉटेलं देतात, पण खोली घेताना विचारा, बिल देताना नाही. चेक-आऊट दुपारी बाराचा की चोवीस तासांचा, हे आधी विचारा. पहाटे पोचणाऱ्या माणसाला बाराच्या हिशोबात एक दिवस फुकट भरावा लागतो. दादांनी आमच्याकडून त्या पहिल्या सकाळचे लावले नाहीत, पण ते त्यांचं मन. हक्क म्हणून धरू नका. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून जास्त लावला तर पक्कं बिल मागा. सर्व्हिस चार्ज म्हणून बिलात आपोआप काही घातलं असेल तर काढायला सांगा, तो ऐच्छिक आहे. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. मोबाईलवरून बुक केलं असेल तर आदल्या दिवशी हॉटेलच्या स्वतःच्या नंबरवर फोन करून बोलणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. एवढं करूनही आमचं झालं तसं होऊ शकतं, म्हणून दुसऱ्या हॉटेलचं नाव खिशात असू द्या. त्या पहिल्या हॉटेलचे पैसे आम्हाला दोन महिन्यांनी परत मिळाले, तेही सौ.नं मेसेज जपून ठेवले होते आणि दर आठवड्याला फोन केला म्हणून.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला माझी गाडी होती. त्यांची परतीची रेल्वे दुसऱ्या दिवशीची. म्हणजे मी आधी निघणार आणि त्या तिघी अनोळखी गावात आणखी एक रात्र राहणार. लेक झोपलेली होती, उठवली नाही. खाली दादा काउंटरवरच आडवे झाले होते. त्यांना म्हटलं, उद्या यांना स्टेशनवर जायला खात्रीची रिक्षा बघून द्या. ते म्हणाले, "मी स्वतः जाईन." मी पैसे पुढे केले, त्यांनी बिलातलेच तेवढे मोजून घेतले.

हायवे एका बाजूनं उघडला होता. तिसऱ्या दिवशी मी वर पोस्टवर. तिथे फोन नाही, सॅटेलाईटवर नंबर लागेल तेव्हा लागेल. गाडी मिळाली का, स्टेशनवर काय झालं, काही कळायला मार्ग नव्हता. पाचव्या दिवशी भाजीची गाडी वर आली. ड्रायव्हरनं खिशातून घडी केलेला कागद काढला. एसएनटीच्या बसवाल्यानं तो गंगटोकच्या ट्रान्झिट कॅम्पात दिला होता, तिथून कुणी चुंगथांगपर्यंत आणला, तिथून हा. हॉटेलच्या बिलबुकातलं पान होतं, आणि त्यावर बंगाली वळणाच्या मोडक्या हिंदी अक्षरात लिहिलं होतं: "बौदी, मासीमा ट्रेन में बैठ गया. नीचे का बर्थ मिला. बेबी रोया नहीं."